गळ्याखालचा आय

मृण्मयीचा फोन जिलाँगहून. तिकडे जेवणं उरकलेली,
इथे माझगावात चारचा चहा.
शनिवारभर दारं ठोठावत फिरली म्हणे पोरगी,
राजा पुरे, आता आपल्यातलं कुणी असू द्या, असं सांगत.
एका आजीबाईंनी बिस्किटं दिली आणि विचारलं,
पण त्याच्या जागी कोण, बाळ?
दुसऱ्या दारात एकानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं:
तू मूळची कुठली?

"आजोबा, तुमच्याकडे राजा गेला तेव्हा
काय वाटलं होतं लोकांना?"

लोकांचं काय सांगू. मी सहा वर्षांचा.
बाबा मात्र टांकसाळीत होते, साचे घासायला.
बेचाळीस साली, लढाईच्या धामधुमीत,
तुमची पेनी इथे फोर्टात पडायची, बाई.
घरात कांगारू आला तो त्यांच्या तोंडून:
बैलाएवढा ससा, म्हणायचे, आणि शेपटीवर बसतो.

दाढी करता करता एकदा म्हणाले,
राजा एकच, नाक तेच, डोळा तोच.
पण आपल्या पैशावर मुकुट घालून बसतो
आणि त्यांच्या पेनीवर बोडका.
घरच्या माणसांत
पगडी कोण घालतं?

मृण्मयी हसली नाही.
"तेच तर," म्हणाली,
"घरचा वाटतो म्हणूनच निघत नाही."

सत्तेचाळीसला झेंडा बदलला. साचा नाही बदलला.
अडीच वर्षं, स्वतंत्र देशात,
बाबा सकाळी डबा घेऊन निघायचे
आणि त्याच राजाच्या कानातला मळ काढायचे.
कुणी हरकत घेतली नाही.
माणसं रॉकेलच्या रांगेत होती.

मग नवा साचा आला.
बाबांचा अंगठा सवयीनं नाक शोधत गेला
आणि आयाळीत अडकला.
तीन सिंह. चौथा पाठीमागे आहे, साहेब म्हणाले,
दिसत नाही एवढंच.
बाबांनी साचा उलटून पाहिला.
घरी येऊन हे सांगताना ते ओशाळले होते, ते मला आठवतं.

त्या रात्री मी विचारलं, आता छापा कुठला आणि काटा कुठला?
डोकं असायचं तो छापा, हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक.
बाबांनी नाणं उडवलं, मुठीत धरलं,
आणि मूठ उघडायच्या आतच
आईनं पानं घेतली.

त्याच्या जागी कोण?
अगं, काळ्या घोड्यावरचा स्वार आमच्या डोळ्यांदेखत हलवला,
घोड्यासकट नेला भायखळ्याला.
जागा रिकामीच, मोटारी लावायला बरी.
पण टॅक्सीवाल्याला आजही सांगायचं, काळा घोडा.
कित्येक वर्षांनी नवा घोडा आणून उभा केला.
पाठीवर कुणी नाही.
लोक त्याच्याखाली उभे राहून फोटो काढतात,
कोण पडलं, असं विचारत नाहीत.
हे तुझ्या आजीबाईंना सांगू नकोस. त्या घाबरतील.

आणि हे बघ, सगळं बरंच झालं असंही नाही.
खुर्ची रिकामी दिसली की चढायला धावणारे
आम्ही पुष्कळ पाहिले, मुकुटाशिवायचे.
त्यांचं डोकं नाण्यावर नसतं,
होर्डिंगवर असतं, गल्लीच्या तोंडाशी,
वाढदिवसाच्या शुभेच्छांसकट.
तरी दर पाच वर्षांनी ते हात जोडून जिना चढतात.
आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत येईतो
धाप लागते त्यांना.
ती धाप मला आवडते.

पलीकडे शांत. मग तिचा आवाज:
"त्या माणसाला मी काहीच बोलले नाही.
मूळची कुठली, म्हणाला, त्याला."

तुझ्याकडे जुना बाजार भरत असेल रविवारचा.
बेचाळीसची पेनी शोध. त्रेचाळीसचीही चालेल.
भिंग लावून राजाच्या गळ्याखाली बघ,
तिथे एक आय आहे, मुंगीच्या पायाएवढा.
मुंबईत पडलेल्या पेनीची खूण.
साहेब म्हणायचे, आय म्हणजे इंडिया.
बाबांना इंग्रजी येत नव्हतं.
त्यांच्या गावाकडे आईला आय म्हणत.
तो साचा ते जरा जपून घासायचे.