दुरुस्तीला आलेला झगा

झगा आला तो केळ्यांच्या खोक्यातून,
वर तीन भाषांतले शिक्के.
आत जांभळा कॅसॉक. छावणीत आम्ही झगाच म्हणतो.
म्हातारे बिशप निवृत्त झाले,
नव्या बिशप बाई आहेत,
आणि धर्मप्रांताकडे नव्या कापडाला पैसे नाहीत.
आफ्रिकेच्या पार खालच्या अंगाला, डोंगरातला मुलूख.
शांतवनमामांनी नकाशावर कात्रीचं टोक ठेवलं: हा इथे.
कॉलरच्या आत अजून लेबल होतं,
अमोलिक टेलर्स, इंदूर.
बावीस वर्षांपूर्वी ते कसल्याशा परिषदेला आले होते,
दोन रात्रींत शिवून दिला होता.
"भिया, आपलाच टाका," मामा म्हणाले,
आणि बराच वेळ कॉलर सोडेनात.

मापं सोबत होती. उंची चार इंच कमी, छाती दोन जास्त,
डावा खांदा जरा उतरता.
मी उसवायला बसले.
घेरातून माती गळली, लाल.
आपली माळव्याची काळी. ओट्यावर दोन्ही वेगळ्या दिसत होत्या,
संध्याकाळी केरसुणीने एक केल्या.
गुडघे झिजलेले, कोपर त्याहून जास्त.
मामा हसले: "प्रार्थना झाल्या, पण मीटिंगा फार झाल्या."
खिशात पेपरमिंटचा कागद,
आणि सात नावांची यादी, चार खोडलेली.
नेमायची माणसं होती की पुरायची,
कळलं नाही. पुन्हा खिशात ठेवली.

उजव्या काखेपासून कमरेपर्यंत फाटलेलं होतं,
हिरव्या दोऱ्याने शिवलेलं,
गोणपाट शिवतात तसं.
मी चुकचुकले. सगळं काढलं.
असं रफू केलं की दिव्यासमोर धरूनही सापडू नये.

मग एक प्रश्न पाठवला:
बायकांच्या कपड्याला काजं उलट्या बाजूला असतात,
बदलू का?
उत्तर गुरुवारी आलं. बाईंनी स्वतः लिहिलं होतं.
एकोणचाळीस गुंड्या आहेत,
माझ्यापायी त्यांना बाजू बदलायला लावू नका.
आणि खाली:
हिरव्या दोऱ्याला हात लावू नये.
खाणीतल्या माणसांना घेऊन जाताना
आमच्या बिशपांना काठीने ओढलं होतं.
रात्री चौकीच्या बाकावर बसून
त्यांनी तो आपल्या हाताने शिवला.
आमच्याकडे मुलांना दाखवतात.

हिरवा दोरा सुक्या कचऱ्यात होता,
आणि कचरागाडी सकाळीच गाणं वाजवत
गल्लीतून गेली होती.

सीतलामाता बाजारात अकरा दुकानं फिरले.
कैरीचा नको, कोथिंबिरीचा नको,
शेवाळ वाळल्यावर उरतो तो हिरवा.
बाराव्या दुकानदाराने विचारलं, "साडीला लावायचाय?"
मी हो म्हटलं.

माझंच रफू ब्लेडने फाडलं.
डाव्या हाताने शिवलं. सरळच आलं.
दिवा मालवून शिवलं, तरी टाके सारखे.
तीस वर्षं लागली हा हात असा व्हायला,
एका रात्रीत तो वाईट होईना.
शेवटी दिवसभर न जेवता बसले,
हात थरथरायला लागला तेव्हा जमलं.
चहाच्या पाण्याचा बोळा फिरवून
जुनं केलं.

पावसाळ्यानंतर फोटो आला.
बाईंनी आशीर्वादाला हात वर केलाय,
काखेखाली हिरवं दिसतंय,
पुढच्या रांगेतली पोरं नेमकी तिकडेच बघतायत.
मामा चष्मा पुसून म्हणाले, "काम चोख."
फोटो शिवणयंत्रावर चिकटवला.

रविवारी पापांगीकाराच्या वेळी
सगळ्यांबरोबर मीही पुटपुटते,
मध्येच एका जागी माझा आवाज पडतो.
शेजारच्या सुलभाबाई वळून बघतात.
कुणाला सांगितलेलं नाही,
तुला माहीतच आहे.
पण देवा, एक आहे:
त्यांचा टाका कच्चा होता.
माझा सुटायचा नाही.