कलम सात

ग्रामपंचायतीच्या मागच्या खोलीत
एक संगणक, एक प्रिंटर, एक उंदीर (जिवंत)
आणि मी, परिचालक.
मानधन पोळ्यापासून बाकी.

सायत्रा टेकाम पोडावरून चालत आली
तेव्हा तुरी फुलल्या होत्या.
राशनवाला म्हणाला होता, नाव कटलं.
मी तिचं पान उघडलं. चकरी फिरत राहिली,
टाकीवरच्या टॉवरला दया आली तेव्हा
कारण उमटलं :
लाभार्थीकडे चारचाकी वाहन.

वाचून दाखवलं.
ती थोडा वेळ पडद्याकडेच पाहत राहिली.
"माह्या नावानं गाडी हाय?
मंग ठेवली कुठी? आन नं बाई,
बसून त पाह्यतो एकदा."

परिवहननं पुरवठ्याला यादी दिली होती,
पुरवठ्यानं आणखी कुणाला.
यादीत वर्ध्याकडची कुणी सावित्री टेकाम,
तिची पांढरी गाडी,
आणि तिच्यासोबत चिकटलेली आमची सायत्रा.

त्याच महिन्यात खासदारबाई आल्या, सुलभा ढाकुलकर.
सभामंडपाचं भूमिपूजन होतं,
पण पाणी प्यायला या खोलीत शिरल्या अन् तासभर बसल्या.
पंखा बंद. कार्यकर्ते दारात घड्याळं दाखवत होते.
त्यांनी लग्नपत्रिकेच्या पाठीवर सगळं लिहून घेतलं,
गाडीचा रंगसुद्धा.

हिवाळी अधिवेशनात प्रश्न लागला :
(क) कोणत्या खात्याने कोणास माहिती दिली ;
(ख) ज्यांची दिली, त्यांना विचारले काय ;
(ग) नसल्यास, त्याची कारणे काय ?
उत्तर एका ओळीचं :
(क) ते (ग) : माहिती संकलित करण्यात येत असून
सभागृहाच्या पटलावर ठेवण्यात येईल.

"पटल म्हंजे?"
मेज, मी म्हटलं. दिल्लीतलं.
"मंग त्याच्यावरून उचलते कोन?"

बाईंनी मग स्वतःचं विधेयक मांडलं,
खासगी, शुक्रवारी दुपारी,
जेव्हा सदस्य विमानतळाच्या वाटेवर असतात
आणि बाकांवर फक्त इयरफोन उरतात.
मी मोबाइलवर पाहिलं, अडकत अडकत.
त्या उभ्या होत्या, चष्मा कपाळावर,
आणि कलम सात वाचत होत्या :
एखाद्याची माहिती एका खात्याने दुसऱ्यास देण्यापूर्वी
त्याला त्याच्या गावात, त्याच्या बोलीत,
तोंडी सांगावे, आणि तो काय म्हणाला ते लिहून घ्यावे.
मागे कुणीतरी जांभई दिली, तीही थेट प्रक्षेपित झाली.
मंत्री म्हणाले, भावना स्तुत्य आहे.
चर्चा अपूर्ण राहिली.
पुढे लोकसभाच संपली, आणि विधेयक
ज्या शब्दानं मरतं तो शब्द मी शोधून काढला :
व्यपगत.
बाई पडल्या. साडेअकरा हजारांनी.

एक गोष्ट मी बाईंना सांगितली नव्हती.
नाव भरताना 'सायत्रा' मला चुकल्यासारखं वाटलं होतं.
मीच सुधारून 'सावित्री' केलं.
शिकलेली ना मी.

आता टेबलावर शंभर पानी वही असते,
शाळेतल्या पोरांची असते तसली.
कुणाचं काय भरलं, कुठं पाठवलं,
ते आधी वाचून दाखवते, मग लिहिते.
ग्रामसेवक म्हणतात, हे कोणत्या जीआरमध्ये आहे?
मी म्हणते, आहे एका कलमात.
लागू फक्त या खोलीपुरतं.
पहिल्या पानावर माझी चूक आहे, तारखेसकट.

सायत्राचं राशन सुरू झालं, चौदा महिन्यांनी.
बाजाराच्या दिवशी ती अजून डोकावते.
"माही गाडी आली का वो?"
नाही आली.
"अन् आज माह्याबद्दल काय लिवलं?"
काहीच नाही, काही पाठवलंच नाही.
उंबऱ्यावर टेकत ती म्हणते,
"मंग लिव, सायत्रा आलती.
अन् कोनाले देऊ नको."