बघू

आमच्या घरात भविष्यकाळाला एकच शब्द होता:
बघू.

वह्या? बघू.
पत्र्याची भोकं? बघू.
अण्णांची उजवीकडची किडकी दाढ,
जिच्यापायी दोन वर्षं ते
भाकरी डाव्या गालातच घोळवत होते,
तिचं? बघू की.

बघू म्हणताना आई कुठेच बघायची नाही.
चुलीत फुंकायची,
नाहीतर वाटाण्याच्या पोत्याचं तोंड शिवायची.

कॅलेंडर होतं तसं. सासवडच्या खतवाल्यानं दिलेलं.
त्यावर आम्ही फक्त होऊन गेलेलं लिहायचो:
तोडणीचे दिवस, खाडे,
तुळशीराम मुकादमाकडून घेतलेली उचल.
पुढच्या पानांना कुणी हात लावायचं नाही.

मग आईच्या खात्यावर बाराशे यायला लागले.
बाराशेत काय होतंय, अण्णा म्हणाले.
आणि खरंच होतं त्यांचं.
पहिले गेले तेलामिठाच्या उधारीत,
दुसरे चुलतमामाच्या पोरीच्या आहेरात,
तिसऱ्या महिन्यात मशीनवर अंगठाच उठेना.
दुकानातला पोरगा म्हणाला,
मावशी, रेघाच राहिल्या नाहीत तुमच्या.
तिनं अंगठा पदराला पुसला, परत टेकवला,
मग एकेक करत सगळी बोटं.
करंगळीनं दिले पैसे.

वाटाणा उरकला की आमच्याकडे हात मोकळे,
म्हणजे रिकामे.
शिमग्याच्या सुमाराला मुनाफभाई यायचे,
ढवळीच्या बोकडाच्या पाठीवरून हात फिरवायचे,
आणि भाव बोलायचे
ते घराकडे बघून.
दर साली.
यंदाही बोलले.
आई म्हणाली, ईदेला बघू.

मी खरकटी ताटली हातात घेऊन तशीच उभी.
बघूला तारीख लागलेली
मी पहिल्यांदा ऐकत होते.

मुनाफभाई जरा थांबले, चहा प्यायले, गेले.
आईनं कॅलेंडरची पानं उलटली, एक, दोन,
आणि ईदेच्या चौकोनात
माझ्या पेन्सिलीनं एक गोल काढला.
भाकरीसारखा. थोडा चेपका.

त्यानंतर काही मोठं झालं नाही.
पाच-पाच रुपयांच्या पुड्या बंद झाल्या,
तेलाचा डबा आला,
त्याच्या झाकणावर मांजर बसायला लागलं.
मुकादमाची उचल घेतली नाही,
म्हणून रोजाला तीस रुपये वाढवून मागता आले.
वीस मिळाले.
मध्येच एकदा पैसे दोन महिने अडकले,
तेव्हा पुन्हा पुड्या.
पण बोकड खुंट्याला होतं,
आणि पाला खात होतं,
आणि जड होत होतं.

ईदेला ते गेलं. आई त्या दिवशी
गोठ्याकडे फिरकली नाही, ढवळीला मीच पाणी पाजलं.

अण्णा हडपसरच्या गोदामातून
रविवारी येतात, दिवे घाट उतरून नाही, चढून,
आणि आल्या आल्या झोपतात.
त्या रविवारी झोपले नाहीत.
वाऱ्यानं कॅलेंडरची पानं उडत होती,
डिसेंबरच्या पानावर त्यांना काहीतरी दिसलं.
मोठं मोठं अक्षर, काना वाकडा.
हे काय लिहिलंय गं? त्यांनी मला विचारलं.
दाढ, मी वाचलं.
कुणाची?
तुमची, आई आतून म्हणाली.
डॉक्टरणीला विचारून आलेय. ईदेतले निम्मे,
वर खात्यातले चार महिन्यांचे. तोवर लवंग धरा.

अण्णांचा हात आपोआप गालावर गेला.
आणि नाही आले तर पैसे?
बघू, आई म्हणाली.
ओले हात तसेच धरून ती बाहेर आली होती
आणि खरोखरच बघत होती,
भिंतीकडे, डिसेंबरकडे,
डिसेंबरच्या खाली जिथं नुसता खिळ्याचा गंज होता तिकडे.

मग मला म्हणाली,
उद्या सोमवारच्या बाजाराला जाशील
तर खतवाल्याला विचार,
पुढच्या सालाचं कधी देतोय.
मी म्हटलं, आई, अजून श्रावण चाललाय.
तरी विचार, म्हणाली.