मागील सभेचे इतिवृत्त

मलावी सरोवराच्या दक्षिण काठी
जिल्हा कचेरीत मी टंकलेखक.
सव्वीस वर्षं इतिवृत्तं लिहितोय.
कुणी टेबलावर हात आपटला तर लिहितो: ‘चर्चा झाली.’
कुणी रडलं तर: ‘सभागृहाने नोंद घेतली.’
कुणी उठून गेलं तर काहीच लिहीत नाही,
त्यासाठी आमच्याकडे नमुनाच नाही.

त्या मंगळवारी चिकोलेची माणसं आली,
कपड्यांना सुकवलेल्या उसिपा मासळीचा वास.
पंखा बंद. खिडकीबाहेर जॅकरांडाची फुलं
सरकारी गाड्यांच्या टपांवर पडत होती.

अधिकारी लोंजेझो नांक्वेन्या.
आमच्या भाषेत लोंजेझो म्हणजे वचन.
आईबापांनी हौसेनं ठेवलेलं नाव, त्यांचा काय दोष.
त्यांनी अहवाल वाचला:
हापसे मंजूर, नऊ. बसवले, नऊ. चालू, नऊ.
नऊचा आकडा तोंडात घोळवत होते
लिमलेटच्या गोळीसारखा.

मग एस्नात कापालामुला उठली.
भाषण नाही केलं.
डोक्यावरची पिवळी बादली उतरवली,
ठेवली टेबलावर, अहवालाच्या बरोबर मधोमध,
आणि म्हणाली, ‘साहेब, सहावा हापसा आमचा.
तुमच्या कागदावर चालू आहे.
भरा.’

कुणीतरी हसलं.
मग कुणीच हसलं नाही.

बादलीच्या तळाला भेग होती, मेण ओतून बुजवलेली.
मला दिसली, कारण मी जवळ होतो
आणि कारण मला वर बघायचं नव्हतं.
सहाव्या हापशापुढचं ‘चालू’
माझ्याच बोटांनी टाइप केलेलं.
चिठ्ठीवर होतं तसं. चिकोलेला मी कधी गेलो नव्हतो.

‘आणि माझा जावई डेलिसन,’ ती म्हणाली,
‘हेच विचारायला चौकीत गेला.
अकरा दिवस झाले, बाहेर नाही.
गुन्ह्याचा नंबर मागितला तर म्हणाले, नंबर नाही.
नंबर नाही, मग गुन्हा कुठला?
गुन्हा नाही, मग कुलूप कशाचं?
हापशाला नंबर आहे, पाणी नाही.
माणसाला कुलूप आहे, नंबर नाही.
हे गणित मला समजावा, मी तिसरीपर्यंतच शिकले.’

साहेबांनी पेला उचलला. बाटलीतलं पाणी.
न पिताच परत ठेवला.

‘प्रकरण तपासून पाहू.’
‘पाहा की. मी बसते.’
आणि बसली, फरशीवर.
तिच्यामागे अख्खं चिकोले बसलं, लेकरांसकट.

अध्यक्षांनी मला खूण केली: लिहा, सभा तहकूब.

सव्वीस वर्षांत पहिल्यांदा
बोटं आपल्या मनानं चालली.
‘अकरा चाळीस. बादली रिकामी.
बारा पाच. बादली रिकामी.
एक वाजता अधिकारी उपस्थित, बादली रिकामी.
दोन दहा. एका मुलानं पाणी मागितलं.
साहेबांनी आपला पेला दिला.’
हेही लिहिलं. खरं होतं म्हणून.

साडेचारला चौकीतून फोन आला,
डेलिसनला सोडलं.
कारण सांगितलं नाही,
धरतानाही सांगितलं नव्हतं.

हापसा अजून कोरडाच.
बादली ती नेली नाही.
विसरणारी बाई नव्हे ती.
दर सभेआधी शिपाई ती उचलून खाली ठेवतो,
मी परत वर ठेवतो.
आम्ही एकमेकांशी यावर बोलत नाही.

येत्या सभेचा विषय क्रमांक एक:
मागील सभेचे इतिवृत्त वाचून कायम करणे.
वाचणार मी.
हात वर होतील, किंवा होणार नाहीत.
मोजणारही मीच.