कटती

बाबांनी माझी बॅग सोसायटीच्या काट्यावर ठेवली,
जिथं एरवी केळीचे घड चढतात,
चष्मा कपाळावर सारला आणि म्हणाले,
चोवीस किलो चारशे.
विमानवाले तेवीस घेतात.
म्हणजे एक किलो चारशे कटती.
दांड्याच्या पावशेर कटतीसाठी व्यापाऱ्याची गचांडी धरणारा माणूस,
विमानाशी भांडला नाही.

घड ठेवून सुपडूमामा जवळ आले.
जपानले काय शिकवशीन?
इंग्रजी.
त्याइले येत नाई का?
येतं, मामा. बोलायला लाजतात म्हणे.
मंग बरोबर मानूस धाडलं, मामा हसले,
सातवीलोक तू माह्यासंगबी बोलत नव्हती.

मी तिथंच, सावद्याच्या त्या सिमेंटच्या ओट्यावर,
बॅग उघडून बसले.
कळण्याचं पीठ. बिबड्या, फुटू नयेत म्हणून टॉवेलात.
शेवभाजीचा मसाला, तीन पिशव्यांत.
भुसावळच्या दुकानदारानं माळ्यावरून धूळ झटकत काढलेले
लोकरीचे मोजे, दोन जोड.
आणि व्याकरणाचं ते जाड पुस्तक,
ज्याच्या समासात मी सगळे उच्चार देवनागरीत लिहिलेत,
‘व्हेजिटेबल’ चार वेळा खोडून.

आमच्या घरात ळ नव्हताच.
शाया होती, केयी होत्या, डोये होते.
पुण्याच्या हॉस्टेलवर पहिल्या रात्री
मी ‘दाय वाढा’ म्हणाले
आणि मेसचं अख्खं टेबल हसलं.
मग वर्षभर आरशासमोर
जीभ उलटी वळवून ळ बसवला,
दातावर कॅप बसवतात तसा.
सुट्टीत घरी आले की काढून ठेवायचे.

आता नेमणुकीच्या कागदावर
त्यांच्या अक्षरांत माझं नाव आलंय.
कल्पिता तळेले नाही.
कारुपिता तारेरे.
ल गेला, ळ गेला,
एवढ्या कष्टानं कमावलेला ळ,
दोघांच्या जागी एकच र.
आईनं ते दोनदा वाचायला लावलं,
तिसऱ्यांदा पोळी लाटताना स्वतःच म्हणून पाहिलं,
तारेरे, तारेरे,
भजनाआधी बुवा गळा साफ करतात तसं.

आणि मी तिथं जाऊन शिकवणार काय, तर
ल वेगळा, र वेगळा.
राइस म्हणजे भात,
लाइस म्हणजे उवा, बाळांनो, नीट म्हणा.

पहिल्या तासाची तयारी झालीय.
काट्याशेजारी उभ्या बाबांचा फोटो मोठा करून घेतला.
धिस इज माय फादर. ही वेज बनानाज.
पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.
आओमोरीत सफरचंदं पिकतात,
तेव्हा कुणाचा तरी बाप तिथंही काट्यावर असेलच,
आणि मागच्या बाकावर त्याची पोरगी,
तोंड उघडायच्या आधी शेजारणीकडे बघणारी.
तिला जीभ कुठं टेकवायची ते सांगेन,
त्याचाच तर पगार.
मग फळ्यावर भला मोठा ळ काढीन,
आता तुम्ही हा म्हणा.
नाही जमला तर घाबरू नका,
आमच्याकडे य चालतो.

पुस्तक काढलं. नऊशे ग्रॅम.
मसाल्याची एक पिशवी, तीनशे.
अजून दोनशे कुठून?
तळाशी हात घातला तर रुमालात गुंडाळलेलं
काहीतरी थंड लागलं.
लोखंडी वजन. सोसायटीचं, जुनं, दोनशे ग्रॅमचं.
बाबा, हे कशाला?
ते पावतीपुस्तकात बघत म्हणाले,
तिकडचे काटे खरे असतीन कशावरून?

मार्च संपत आलाय, ऊन चाळीसला टेकलंय.
मी वजन परत रुमालात बांधलं,
लोकरीचे दोन्ही जोड काढले,
आणि एकावर एक पायात घातले.
हमाल हसत होते.
बाबांनी काटा पुन्हा पाहिला.