नऊची ओहोटी

'आचऱ्याच्या खाडीतली कालवं' असं टाकलं
की पहिले येतात ते.
मग तेच, दुसऱ्या नावाने.
मग हॉटेलं, मग एक दुकान
ज्यात कालवं मिळत नाहीत पण घरपोच सेवा मोफत आहे.
मी चौथ्या पानावर, खालून तिसरी.
चौथ्या पानापर्यंत कोण येतं?
मी येते. रोज रात्री, स्वतःला बघायला.

तीन हिवाळे गोळा केलं ते.
जयवंतीकाकी खडकावर वाकून कालवं पाडायची
आणि मी मागे, एका हातात मोबाईल, एका हातात तिची पाटी.
कुठलं जिवंत, कुठलं नुसतं कवच,
पाती कुठून घालायची, धार स्वतःपासून लांब.
एका फोटोत माझा अंगठा आलाय,
कापलेला, चिंधी बांधलेला.
त्या अंगठ्यावरून आता तिरकं
त्यांचं नाव छापलंय, पांढुरक्या अक्षरांत.

एके ठिकाणी 'खडकाळ'चं 'खडाकळ' झालं होतं माझ्याकडून.
त्यांच्याकडेही खडाकळ आहे.
तक्रार केली. उत्तर आलं:
आपलं मत आमच्यासाठी मोलाचं आहे.

रुजाय म्हणतो, त्यांचं नाव चौदा वर्षांचं, तुझं दीड.
कोणी कोणाचं उचललं ते यंत्र विचारत नाही,
वय विचारतं.
म्हणतो, शब्द पेर.
मग मी ओळीओळीत 'कालवं' घातलं,
उत्तम कालवं, ताजी कालवं, जवळपासची कालवं,
आणि काकीला वाचून दाखवलं.
ती म्हणाली, "गो, कळला माका. कालवां ती कालवां."
सगळं काढून टाकलं.

मग आज, मार्गशीर्षातली द्वादशी,
सकाळी नऊला बांधाशी पिवळी गाडी थांबली.
कऱ्हाडची माणसं. विजारी गुडघ्यापर्यंत दुमडलेल्या,
हातात कोरे करकरीत स्क्रू-ड्रायव्हर.
समोर खाडी काठोकाठ.
खडक नाही, काही नाही,
वाहत आलेल्या ओंडक्यावर एक बगळा.
"पण इथे लिहिलंय," त्यांच्यातला मुलगा म्हणाला,
आणि मलाच वाचून दाखवलं:
'नऊ वाजता या. पाणी घोट्याखाली असतं.
खाडी दार उघडं टाकून शेजारी गेलेली असते.'

छान वाचत होता. दार उघडं टाकून, पाशी
जरा थांबला सुद्धा,
मी लिहिताना थांबले होते तिथेच.

"ह्येंका नऊ कोणी सांगल्यान?" काकीने विचारलं.
मी म्हटलं, मी.

मी लिहिलं होतं: 'आज चतुर्थी. नऊ वाजता या.'
त्यांनी सगळं नेलं,
अंगठा, पाती, खडाकळ,
चतुर्थी तेवढी गाळली, आणि तो 'आज'.

काकीने मुलाची बोटं धरली.
"तिथीची पाऊणपट कर, भरती गावता.
आज बारावी. बाराची पाऊणपट?"
"नऊ," तो म्हणाला,
आणि पाण्याकडे बघून हसला.
"मगे सुकती तीनाक. थांबतंस?"

थांबले नाहीत. त्यांना कुणकेश्वर करायचं होतं.
जाताना मुलगा म्हणाला, हे तुम्ही लिहिलंय?
मी आधी नाही म्हटलं,
गाडी वळल्यावर हो म्हटलं.

तीनला आम्ही दोघीच उतरलो.
पाणी खरंच शेजारी गेलेलं.

रात्री बसले. लिहिलं:
'उद्या त्रयोदशी. ओहोटी पावणेचारला.
परवाचं परवा सांगेन, हे जपून ठेवू नका.'
नेतील हेही. नेऊ देत,
संध्याकाळपर्यंत नासेल, पिशवीतल्या मासळीसारखं.

मग टाकून बघितलं, सवयीने.
चौथं पान. खालून चौथी.
म्हणजे वर सरकले की काय,
रुजायला विचारायला हवं.