अर्धी लादी

समितीने मला पाठवलं, कारण मला मासा कळतो.
वेंगुर्ल्याच्या बंदरावर एकोणतीस वर्षं
लिलावाची वही माझ्या मांडीवर आहे.
कल्ला उचलायचा, आतलं लाल बघायचं,
मग बोटाने पाठीवर दाबायचं:
खड्डा भरून आला तर आजचा,
तसाच राहिला तर परवाचा.
"तसोच बघ नि सांग," सेक्रेटरी म्हणाले,
"पावणेतीन लाखांचो सौदो आसा."

त्यातले दीड ट्रॉलरवाल्यांचे, पन्नास हजार पतपेढीचे,
बाकी तांडेल-खलाशांनी खिशातून काढलेल्या नोटा,
ओलसर,
एकीला खवला चिकटलेला.
शिरोड्याने चार वर्षं सलग चषक नेला,
एवढंच कारण.

इनास लोबो. डावी बगल.
दलालाच्या कागदावर वय बत्तीस.
मी त्याला म्हापशाच्या मैदानात पाहिला तेव्हा
माझी मुलगी पाळण्यात होती.
आता तिच्या लेकासाठी पाळणा बघतोय आम्ही.

सावंतवाडीच्या गाडीतून उतरला,
पायरीवर उजवा पाय आधी, मग थांबून डावा.
आणि तोच माणूस कॅम्पाच्या मैदानावर
सत्तराव्या मिनिटाला,
आमची पोरं कमरेवर हात ठेवून वाकलेली असताना,
कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत धावला
कुणी मागून हाकलत असल्यासारखा.
दलालाने माझ्या मांडीवर थाप मारली.
मी इनासची पाठ बघत होतो. सदरा काढलेला,
खांद्यांवर लाल पुरळ दाटलेलं,
सोळाव्या वर्षी पोरांना येतं तसं.

नंतर बंदरावर आला, एकटाच.
"थोडो बर्फ गावतलो काय, मामा? गुडघ्याक."
मी टोच्याने लादी अर्धी केली.
मूठभर त्याने गुडघ्याला बांधला,
बाकीचा चुरून निळ्या डब्यात भरला.
डब्यात तीन कुप्या होत्या, करंगळीएवढ्या.
लपवल्या नाहीत.
"डॉक्टरान दिल्ला आसा," म्हणाला.
मी काहीच विचारलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी एका ट्रकातून सुरमई आली होती,
आठ दिवसांची,
पण डोळे असे की आत्ताच पाण्यातून काढलीय.
वास नाही. बोट दाबलं, खड्डा भरून आला.
मी बोली लावली, साडेसहाशेने गेली.
संध्याकाळी रिकामी टोपली धुताना बायजी म्हणाली,
"दिसभर एक माशी बसूक नाय हेच्यार."
माशीला कळलं ते मला नाही कळलं.
त्या दिवसाच्या पानावर अक्षर माझंच आहे.

इनासवर मात्र पोरं झुंबडली होती.
गिरपांचा संकेश त्याचे बूट पोटाशी धरून उभा,
सतरावं सरलं नाही अजून.
विचारत होता, "तुमी दमनास कशे नाय?"
इनासने त्याच्याकडे नाही, माझ्याकडे पाहिलं.

जाताना डब्याचं झाकण घट्ट करत बोलला,
"खलाशी म्हातारो झालो की किनाऱ्यार बसान जाळी शिवता, मामा.
माका शिवूक येना नाय."
काय म्हणणार?
मी म्हटलं, गाडी सव्वासहाची आहे,
तिठ्यावर उभा राहा.

आता रात्र. बर्फाच्या कारखान्याचं यंत्र घुरघुरतंय.
फोन तिसऱ्यांदा वाजला तेव्हा उचलला.
"काय, ताजो मा?"
पलीकडे खुर्च्या सरकल्याचा आवाज,
कुणीतरी शिरोड्याच्या नावाने शिवी हासडली, हशा.
संकेशही असणार तिथे, चहा देत.
"ऐकतंस मा?"

वही उघडीच आहे समोर.
दिवसाचा हिशोब लिहून झालाय, एक ओळ सोडून:
बर्फ, अर्धी लादी. उधार.
नावे